दम घ्यायची जागा

"थांबा! हे चोरण्यासारखं आहे."

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून बाई असं म्हणाल्या की समोरच्यानं होता तिथं गप्प व्हायचं, हा आमच्या गल्लीचा कायदाच होता. तुम्ही भाजी निवडत असा, स्कूटरला किक मारत असा, नाहीतर नवऱ्याशी भांडत असा. बोट वर गेलं की तोंड मिटायचं. बाई मान जराशी तिरपी करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि ऐकायच्या. एकदा माझ्या बायकोच्या मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकला आणि तो रडवेला होऊन ओरडायला लागला. तेव्हाही दारात बोट वर. बायकोनं घाईघाईनं बटण बंद केलं, तर बाईच चिडल्या. "बंद काय केलंत? शेवट राहिला ना त्याचा!"

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. आमच्याकडे होतं, आणि भिंतीला भिंत लागून होतं.

परभणीतल्या मुलींच्या एका शाळेत बाईंनी तीस वर्षं संगीत शिकवलं. म्हणजे प्रार्थना, समूहगीत आणि पंधरा ऑगस्ट. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी शाळेची पेटी शाळेच्या हवाली केली आणि येताना एक जाड वही विकत आणली. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चोरीचा माल'. मग रोज सकाळी त्या चोरीला निघायच्या. बसस्थानकावर गाड्या पुकारणारा माणूस 'पालम' म्हणताना 'पा' लांबवायचा आणि 'लम' गिळून टाकायचा, ते वहीत आलं. 'मानवत' म्हणताना मात्र त्याचा आवाज उगाचच वर चढायचा. बाई म्हणाल्या, "ह्याची सासुरवाडी मानवतची असणार." एवढं म्हणून थांबल्या नाहीत. खिडकीपाशी जाऊन विचारलंच. तो माणूस माईकवर हात ठेवून चपापून म्हणाला, "तुमाला कोण सांगितलं?"

मी कृषी विद्यापीठात ज्वारीच्या नोंदी ठेवणारा कारकून. कोणतं वाण किती दिवसांत निसवलं, कणीस किती लांब आलं, एवढंच माझं वाङ्मय. बाई मला 'ज्वारीवाले' म्हणायच्या. माझ्या नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

एके सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मानवतचा ट्रक येऊन उभा राहिला. कापसाच्या गाठी तिकडे तेलंगणात उतरवून एरवी तो रिकामाच परतायचा. त्या दिवशी ताडपत्री ओढली तर आत गोधड्यांत गुंडाळलेलं, कपाटाएवढं काहीतरी उभं. ट्रक एका व्यापाऱ्याचा, त्याची मुलगी बाईंची जुनी विद्यार्थिनी, आणि तिनंच वडिलांना गळ घातलेली. सहा हमालांनी मिळून ते खाली घेतलं. त्यांतला एक वयस्कर हमाल घाम पुसत म्हणाला, "बाई, खरं सांगा, ह्यात मयत हाय काय?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "पण वाजवलं की उठून बसतं."

हमालानं हात काढून घेतला. तो परत लावायला लावेपर्यंत अर्धा तास गेला.

मग कळलं की दार अरुंद आहे. सुतार बोलावून चौकट काढली तेव्हा कुठं पियानो घरात शिरला. पुढचे चार दिवस बाई दाराच्या जागी चादर टांगून राहिल्या. माझ्या बायकोला काळजी. "अहो, चोर शिरला म्हणजे?"

"शिरू दे. हे उचलून नेलं तर मी त्याचा हार घालून सत्कार करीन."

पियानो आला कुठून, हे बाईंनी ज्याला त्याला वेगळं सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, बक्षीस लागलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सांगितलं, हुंड्यात आला, आता फक्त नवरा यायचा राहिलाय. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापिका बरेच दिवस बुचकळ्यात होत्या. मला मात्र त्यांनी खरं सांगितलं असावं, कारण ते सांगताना त्या हसल्या नाहीत.

बाईंचे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत फायरमन होते. बाई आठ वर्षांच्या असताना त्यांची बदली सिकंदराबादला झाली. थोरली बहीण, अक्का, तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. ती पूर्णेतच राहिली. सिकंदराबादला रेल्वे क्वार्टरच्या पलीकडे एक चर्च होतं आणि चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मॅडमचं घर. मॅडम घरी पियानोचा सराव करायच्या आणि ही मुलगी बाहेर खिडकीशी, पडदा मुठीत धरून उभी. एके दिवशी मॅडम वैतागल्या. "परदा मैला करती है. उससे अच्छा, अंदर आ."

ती आत गेली ती नऊ वर्षं. पुढे वडील निवृत्त झाले, कुटुंब पूर्णेला परतलं, आणि पियानो संपला. उरली शाळेतली पेटी. मॅडम वारल्यावर त्यांच्या भाचीला पियानोच्या झाकणाखाली एक चिठ्ठी सापडली: हा पियानो, माझे पडदे मळवणाऱ्या मुलीला द्यावा. भाचीला त्या मुलीचा पत्ता लावायला दोन वर्षं लागली.

"चाळीस वर्षांनी," बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

परभणीत पियानो सुरात लावणारा माणूस कुठून मिळणार? पेट्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांना बोलावलं. चाचांनी पियानोभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोकावून पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. "बाई, ये तो पेटी की नानी है. नानी को मैं क्या सिखाऊँ?" तरी दोघांनी मिळून महिनाभर पाना फिरवला. आतून मूठ-मूठ कापूस निघायचा, ट्रकमधून आलेला. चाचा शिंकायचे, बाई शिंकायच्या, आणि मग भांडण व्हायचं की शिंक कुठल्या सुरात होती. उन्हाळ्यात तर कहर. पारा चढला की पियानो कुरकुरायला लागायचा. बाई कूलरचं तोंड स्वतःकडे न करता त्याच्याकडे करायच्या आणि आपण ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायच्या.

खालचे सूर धरले की आमच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांची झाकणं थरथरायची. बायको एकदा तावातावानं तक्रार करायला गेली. परत आली ती विचारात पडूनच. म्हणाली, "बाई म्हणतात, लिंबाची बरणी बरोबर वाजते, आंब्याची बेसूर आहे. तेवढी भिंतीपासून सरकवून ठेवायला सांगितलीय." आणि तिनं सरकवली.

हे सगळं चाललेलं असताना मला वाटायचं, बाई त्या मॅडमनं शिकवलेलं साहेबी काहीतरी वाजवतील. तसं थोडंफार वाजवायच्याही. पण एका शनिवारी त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "ज्वारीवाले, उद्या सकाळच्या गाडीनं पूर्णेला यायचं. मोठी चोरी आहे. एकटीच्यानं होणार नाही."

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. अक्का पूर्णेला असते. रेल्वे वसाहतीच्या मागं एक लहानसं विहार आहे, तिथं दर रविवारी अक्का वंदना म्हणते आणि बाकीचे तिच्या मागून म्हणतात. पन्नास वर्षं झाली. आणि अक्का बाईंशी अकरा वर्षांत एक शब्द बोललेली नाही.

"भांडण कशावरून?" मी विचारलं. मनात म्हटलं, असणार घरादारावरून.

"आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला अक्का वंदना म्हणत होती. सगळे नातेवाईक बसलेले. संपल्याबरोबर मी म्हणाले, 'अक्का, ओळ मधेच तोडू नकोस, आणि तिसऱ्या ओळीत सूर सोडतेस.' शिकलेली होते ना मी! नऊ वर्षं मॅडमकडे, वीस वर्षं शाळेत. तिला पेटी कधी हाताळायलासुद्धा मिळाली नाही." बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "ती उठली. सगळ्यांना जेवायला वाढलं. मलाही वाढलं. आणि त्यानंतर आजपर्यंत काही बोलली नाही."

मी परभणीत उभा जन्म काढला, पण विहारात त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. चपला काढल्या, पुरुषांच्या बाजूला मांडी घातली आणि शेजारचा करील तसं करत राहिलो. बाई बायकांच्या अगदी शेवटच्या रांगेत, पांढरी साडी नेसून, भिंतीला चिकटून. मांडीवर वंदनेचं पुस्तक, आणि पुस्तकात लपवलेली 'चोरीचा माल'.

पुढे अक्का. लहानखुरी, पाठीत वाकलेली, पंच्याहत्तरीच्या पुढची. आवाज म्हणाल तर वाळलेल्या कडब्यावरून हात फिरवावा तसा. तिनं ओळ उचलली आणि मागून सगळे निघाले. पण एकत्र नाही. म्हाताऱ्या बायका अर्धा पाऊल मागं, पुरुष त्यांच्याही मागं, लेकरं मधूनच पुढं. आणि ओळीच्या ऐन मध्यावर अक्का थांबली. तिला दमा होता. तिनं श्वास आत ओढला, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. तिच्याबरोबर सगळं विहार थांबलं. दमा तिला एकटीला, पण श्वास चाळीस जणांनी घेतला. पाच वर्षांच्या पोरीनंसुद्धा. मग सगळे मिळून पुढं गेले. पुढच्या ओळीत पुन्हा तेच.

मी मागं पाहिलं. बाईंची पेन्सिल हवेत थांबली होती.

शेजारच्या बाईनं तेवढ्यात त्यांना पकडलं. "काय लिवायलाव हो?"

"हजेरी," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

पुढच्या रविवारी विहारात बसायला जागा नव्हती म्हणे.

परतताना मिरखेल स्टेशन मागं पडलं. मग बाई एकदम म्हणाल्या, "मी ज्याला चूक म्हणाले ना, ज्वारीवाले, त्याच्यावर अख्खं विहार उभं आहे. ती जागा बुजवली तर ती माणसं एकत्र कुठं येणार? आणि मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, तोडू नकोस." डोळे पुसून पुढं म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत मात्र ती सूर सोडतेच हं."

त्यानंतर सात महिने भिंतीपलीकडे तेच. एक ओळ यायची, मधेच थांबायची. थांबायची म्हणजे अशी की हातातलं काम थांबावं. माझी बायको झारा कढईवर धरून उभी राहायची. पुरी जळायची. एकदा न राहवून तिनं भिंतीवर थाप मारली, "अहो बाई, पुढचं वाजवा की!" पलीकडून टाळी ऐकू आली. पाच मिनिटांत बाई स्वतः आल्या, जळकी पुरी मागून घेऊन खाल्ली आणि म्हणाल्या, "बरोबर लांबी सापडली."

पुरं झालं तेव्हा त्यांनी कागदांची चळत आणून दाखवली. सगळी पानं काळ्या टिंबांनी भरलेली, आमच्या शेतातल्या मावा पडलेल्या पानांसारखी. एकट्या पियानोसाठी, पंधरा-सोळा मिनिटांचं. वरच्या पानावर नाव लिहिलं होतं, 'दम'.

"कुणाला दम देताय?" बायकोनं विचारलं.

"बहिणीला. माल तिचाच आहे, तिलाच परत करायचा."

आणि त्याच बैठकीत त्यांनी मला कामाला लावलं. वाजवताना शेजारी उभं राहून पानं उलटायची. मी हातच जोडले. म्हटलं, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणूनच तुम्ही पाहिजेत. कळणारा माणूस ऐकत बसतो आणि पान उलटायचं विसरतो. तुम्ही फक्त माझ्या भुवईकडे बघायचं. भुवई वर गेली की पान."

मी महिनाभर बाईंच्या भुवईकडे बघत होतो. बायको दारात खुर्ची टाकून माझ्याकडे बघत होती.

खरा पेच पूर्णेत होता. अबोल्यामुळे अक्का परभणीला येणं शक्य नव्हतं, म्हणून पियानोच पूर्णेला न्यायचा ठरला. विहारात नव्हे, शेजारच्या समाजमंदिरात. विहार समितीचे अध्यक्ष निवृत्त रेल्वे गार्ड. त्यांनी सरळ लाल झेंडी दाखवली. "बाई, वंदना म्हंजे करमणूक न्हाई. लोक टाळ्या वाजवतेत, शिट्ट्या मारतेत. आमी हे होऊ देनार न्हाई."

मला वाटलं बाई भांडतील. त्या हात जोडून म्हणाल्या, "अगदी बरोबर. मलाही तीच भीती आहे. एकानंही टाळी वाजवता कामा नये. पण हे सांभाळणार कोण? कडक माणूस पाहिजे."

अध्यक्ष जरा सावरून बसले.

"मोबाईल बंद, कुजबुज बंद, मधे उठणं बंद," बाई मोजत गेल्या. "एवढी शिस्त लावणारा पूर्णेत आहे का कुणी?"

"हाय की," अध्यक्ष म्हणाले. आणि तारीख त्यांनीच सांगितली.

तर पुन्हा सुतार आला, पुन्हा चौकट निघाली, आणि पियानो टेम्पोत चढून पूर्णेला गेला. रविवारची सकाळ, हिवाळ्यातलं कोवळं ऊन. वंदना झाल्यावर लोक समाजमंदिरात येऊन सतरंज्यांवर बसले. अध्यक्ष दारात उभे, हात मागं बांधून. पांढऱ्या साड्यांनी सगळी खोली भरली. एक अक्का तेवढी नव्हती. ती बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून, जेवणाचे तांदूळ निवडत बसली होती. "मला काय करायचंय तितं? माझे तांदूळ पडलेत," असं तिनं बायकांना सांगून टाकलं होतं. ओटा दारापासून सात-आठ हातांवर, आणि दार सताड उघडं.

बाईंनी एकदा त्या पाठीकडे पाहिलं. बोटं साडीला पुसली. 

त्यांनी सुरुवात केली. आता मला सांगता येईल तेवढं सांगतो. आधी एकेकच सूर आला, लांब लांब. एकेक बाई चपला काढून आत येऊन बसावी तसा. मग उजव्या हातानं ओळ उचलली आणि बाकीचे सूर तिच्या मागून यायला लागले, अर्धं पाऊल मागं, कुणी जास्त मागं. डावा हात खाली पुरुषांसारखा घुमत होता. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "ही मी हाय." अध्यक्षांनी तिच्याकडे डोळे वटारले.

भुवई वर, पान. भुवई वर, पान. माझं ठीक चाललं होतं. ओळीच्या मध्यावर बाई थांबायच्या आणि खोलीतल्या सगळ्या बाया नकळत श्वास घ्यायच्या. त्यांना ते कळतसुद्धा नव्हतं. श्वास झाला की पियानो पुढं. असं पाच-सात वेळा झालं. मग सगळे सूर एकमेकांत मिसळून वर वर गेले, इतके की खिडकीची तावदानं वाजली, आणि त्या टोकावर बाई थांबल्या. खोलीनं श्वास घेतला.

मीही घेतला. माझ्या ध्यानातच आलं नाही. छाती भरून आली होती आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत उभा होतो. बाईंची भुवई वर गेली असेल, दोनदा गेली असेल. मी पाहिलंच नाही. पान तसंच राहिलं.

शांतता लांबली. श्वास घेतलेले लोक श्वास धरून बसले. बाईंचे हात पट्ट्यांच्या वर तरंगत होते. माझं लक्ष गेलं तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या आणि माझा हात काही केल्या हलेना.

आणि बाहेरून आवाज आला. कोरडा, खरखरीत. अक्कानं पुढची ओळ उचलली होती. पाठ तशीच, हात तांदळात तसेच. तिला ते थांबणं सोसेना. पन्नास वर्षं ती जागा तिनंच ओलांडून दिलेली. ती उचलणार नाही तर कोण उचलणार?

बाईंनी पानाकडे पाहिलंच नाही. त्या तिच्या मागून गेल्या. अर्धं पाऊल मागं राहून, बाकीच्या बायकांसारख्या. अक्का थांबली की थांबल्या, ती निघाली की निघाल्या. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पट्ट्यांवर पडत होतं आणि त्या हसत होत्या. शेवटचा सूर विरला तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. बायकांनी हात जोडून, वंदनेनंतर म्हणतात तसं, तीनदा 'साधू' म्हटलं. हे नियमात बसतं की नाही, ह्या विचारात अध्यक्ष पडले. मग त्यांनीही म्हटलं.

अक्का तांदळाचं ताट घेऊन दारात आली.

"येवढा येळ थांबायचं असतंय व्हय?"

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"ह्यांनी पान उलटलं नाही," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"पानात बघून म्हनायचं असतंय का ते?" अक्कानं मला आपादमस्तक न्याहाळलं. मग बहिणीकडे वळली. "आन् मधी मधी थांबायलीस त्ये? तूच म्हनली हुतीस, तोडायचं न्हाई."

"चुकले, अक्का."

अक्का ताटातल्या तांदळांत बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या वळीत सूर सोडलीस तू."

"तू सोडतेस म्हणून सोडला."

"मी सोडत न्हाई."

"सोडतेस."

"न्हाई सोडत. म्हनून दाखवू?"

"भांडन आवाराच्या बाहीर," अध्यक्ष म्हणाले. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत ते भांडण चालू होतं, आणि मधेच अक्कानं बहिणीच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. हमाल दुपारीच निघून गेले, म्हणून पियानो त्या दिवशी राहिला. पियानो राहिला म्हणून बाई राहिल्या. निघताना मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "तुम्हाला संगीत कळायला लागलं, ज्वारीवाले. आता तुम्ही माझ्या काही उपयोगाचे नाही."

पंधरा दिवसांनी दोघी बहिणी परभणीला आल्या, घर रिकामं केलं आणि गेल्या. बायकोनं लिंबाच्या लोणच्याची बरणी बरोबर दिली. बाईंनी ती टिचकी मारून तपासून घेतली.

पुढची दोनेक वर्षं मी महिन्यातून एखाद्या रविवारी पूर्णेला जायचो. पियानो अक्काच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे खाट मागच्या अंगणात गेलेली. तिसऱ्या ओळीचा वाद मिटला नव्हता. दोघी मला पंच करायच्या, मी कुणाच्याही बाजूनं निकाल दिला तरी दोघी मिळून मला वेड्यात काढायच्या. बाईंनी अक्काला पट्ट्या दाखवायचा प्रयत्न केला, तर अक्का म्हणायची, "मला न्हाई जमत तुझं ते. म्हाताऱ्या मानसाची बोटं हायेत." आणि मोरीकडे निघून जायची.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, नांदेडचा दवाखाना, आणि संपलं. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

मी बायकोला घेऊन पूर्णेला गेलो. अक्का ओट्यावर बसलेली होती. रडली नाही. आम्हाला चहा दिला, बायकोला विचारलं, बरणी रिकामी झालीया, परत नेता का. पुढच्या खोलीत पियानोवर धुतलेली चादर घातलेली, आणि चादरीवर सुपात शेवया वाळत ठेवलेल्या. मी तिकडे बघतोय हे तिनं पाहिलं.

"सावलीला वाळवायला बरी जागा हाय," ती म्हणाली.

आम्ही निघायच्या बेतात होतो. अक्का उठली, सूप खाली ठेवलं, चादर काढून घडी केली आणि झाकण उघडलं. मग पदराचं टोक ओलं करून ती पट्ट्या पुसायला लागली. डावीकडून सुरुवात करून, एकेक पट्टी, सावकाश. खालचे सूर आले, मग त्यांच्या वरचे, मग त्यांच्याही वरचे. मधे एकदा दम लागला तेव्हा हात तिथंच ठेवून थांबली. मग पुढं निघाली, अगदी शेवटच्या बारीक पट्टीपर्यंत.

"रोज पुसावं लागतंय," आमच्याकडे न बघता ती म्हणाली. "धूळ लय बसती हितं."

आणि उजवीकडून पुसत पुसत परत आली.